बोलायला कमी, भरायला जास्त : कमी वापर असणाऱ्यानं कोणता रिचार्ज मारावा?

बीड : अठ्ठावीस दिवस होत आले की फोन लावताना आधी बाईचा आवाज येतो, 'तुमच्या प्लॅनची मुदत संपत आली आहे'. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, 'आत्ता तर मारला होता रिचार्ज!' लगेच कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, दुकानदाराला नंबर सांगायचा आणि तो म्हणेल तेवढे पैसे द्यायचे. बहुतेक वेळा तो २९९ म्हणतो. आईचा साधा बटनाचा फोन असला तरी २९९, वडील दिवसातून दोन फोन करत असले तरी २९९. रोजचा एक-दीड जीबी डेटा कोणी वापरतंय का, हे ना दुकानदार विचारतो, ना घरातलं कोणी.

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आता घरटी तीन-चार मोबाइल आहेत. त्यातला एखादा पोरांचा. त्यावर यूट्यूब, रील्स, क्रिकेट सगळं चालतं, त्याला रोजचा डेटा लागतोच. बाकीच्या फोनवर मात्र लेकीचा फोन येतो, दवाखान्याचा नंबर लावला जातो, बँकेचा मेसेज येतो, ओटीपी येतो. एवढाच वापर. प्रश्न आहे तो या बाकीच्या फोनचा. त्याला किती पैसे भरायचे?

नंबर जिवंत ठेवण्याचाच खर्च

जुन्या काळची आठवण बऱ्याच जणांना असेल. सिम एकदा घेतलं की 'लाइफटाइम' असायचं. दहा रुपयांचा टॉपअप मारला तरी महिना निघायचा, आणि बॅलन्स संपला तरी येणारे फोन चालूच राहायचे. 'मिस कॉल दे, मी लावतो' ही पद्धत त्याच काळातली.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बोलणं जवळजवळ फुकट झालं. मिनिटाला पैसे मिळेनात, तेव्हा कंपन्यांनी कमाईची दुसरी वाट धरली. २०१८ च्या शेवटी एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियानं ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आणला. तो मारला नाही तर आधी जाणारे आणि मग येणारे फोन बंद. २०२१ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा किमान रिचार्ज ४९ वरून ७९ आणि वर्ष संपायच्या आत ९९ झाला. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. त्यानंतर एअरटेल आणि व्हीआयचा २८ दिवसांचा अमर्याद कॉलचा साधा प्लॅन १७९ वरून १९९ वर गेला. जिओचा १५५ वरून १८९ झाला.

हिशोब खरा मांडायचा तर हेही सांगितलं पाहिजे, की ३५ किंवा ४९ रुपयांत अमर्याद बोलणं नव्हतं, आता आहे. पण जो माणूस दिवसातून पाच मिनिटं बोलतो त्याला 'अमर्याद'चा उपयोग काय? त्याला नंबर चालू हवाय, बस्स. त्याचे पैसे बोलण्यात कमी आणि नंबर जिवंत ठेवण्यातच जास्त जातात. शिवाय रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे. तो किमतीतच धरलेला असतो म्हणून दिसत नाही, पण शंभराच्या रिचार्जमधले सव्वापंधरा रुपये कराचे असतात.

नंबर बंद पडला तर काय होतं?

'नाही मारला रिचार्ज तर काय बिघडतंय, फोन तर फोन' असं काही वर्षांपूर्वी म्हणता येत होतं. आता तसं राहिलं नाही. आधारला जो नंबर जोडलाय, त्याच्यावरच ओटीपी येतो. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो, पीएम किसानची असो, शेतकरी ओळख क्रमांक काढायचा असो, सगळीकडे 'आधारला लिंक असलेल्या मोबाइलवर ओटीपी गेला आहे' हेच ऐकायला मिळतं. तो मोबाइल बंद असला की माणूस सेवा केंद्राच्या दारातून परत.

नवा नंबर आधारला जोडायचा तर बहुतेकांना आधार केंद्र गाठावं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून त्याची फी ७५ रुपये आहे. त्यात तालुक्याला जायचं-यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरा. म्हणजे शे-दीडशे वाचवायला गेलं आणि पाच-सहाशे गेले, असं होतं.

आणखी एक धोका आहे. बंद पडलेला नंबर कंपनी कायमचा पडून ठेवत नाही. तो बंद झाल्यापासून किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, पण त्यानंतर दिला जाऊ शकतो. आपला जुना नंबर बँक खात्याला तसाच जोडलेला राहिला, तर बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात जाऊ शकतात. म्हणून नंबर सोडायचाच असेल तर आधी बँक आणि आधार दोन्हीकडून तो बदलून घ्यावा, मगच सिम फेकावं.

नियम काय सांगतो? दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, याच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवसांच्या आत वापर नाही म्हणून बंद करता येत नाही. त्यानंतरही खात्यात २० रुपये किंवा त्याहून जास्त शिल्लक असेल तर नंबर राखून ठेवण्याची सोय कंपनीनं द्यायची असते. पण नंबर आपल्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर फोन-मेसेज येणं वेगळं. प्लॅनची मुदत संपली की फोन बंद होऊ शकतात, मग ओटीपी कुठून येणार? म्हणून २० रुपयांच्या भरवशावर राहून काम अडकवून घेऊ नये. आणि दहा-वीस रुपयांच्या साध्या टॉपअपनं प्लॅनची मुदत वाढत नाही, हेही लक्षात ठेवावं.

फक्त बोलण्याचा पॅक : नियम आला, फायदा किती झाला?

ज्याला इंटरनेट नको त्याच्याकडून इंटरनेटचे पैसे का घ्यायचे, हा प्रश्न बरेच दिवस होता. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं नियमात बदल केला. प्रत्येक कंपनीनं किमान एक पॅक असा द्यायचा, ज्यात फक्त कॉल आणि एसएमएस असतील, डेटा नसेल. अशा पॅकची मुदत आधी जास्तीत जास्त ९० दिवस होती, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. म्हातारी माणसं, खेड्यातले लोक, घरी वायफाय असलेले लोक यांचा विचार करून हे केल्याचं ट्रायनं सांगितलं.

जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक आणले. पण कसे आणले ते बघण्यासारखं आहे. जिओचा आधी ४७९ चा प्लॅन होता : ८४ दिवस, बोलणं अमर्याद आणि ६ जीबी डेटा. नव्या पॅकमधून तो सगळा ६ जीबी काढला आणि किंमत ठेवली ४५८. म्हणजे डेटा गेला सगळा आणि पैसे कमी झाले २१. एअरटेलचा ५०९ चा प्लॅन होता, त्यातला ६ जीबी काढून ४९९ केला. दहा रुपये कमी! ओरड झाली, ट्रायनं 'हे पॅक आम्ही तपासू' असं जाहीर केलं, तेव्हा काही दिवसांतच किमती उतरल्या. जिओचा ४४८ झाला, एअरटेलचा ४६९. व्हीआयनं ४७० ला पॅक दिला. तिन्हींची मुदत ८४ दिवस. वर्षाचे पॅक म्हणाल तर जिओचा १७४८ रुपयांना ३३६ दिवस, आणि एअरटेल व व्हीआयचा १८४९ रुपयांना ३६५ दिवस.

म्हणजे कायद्यातली सोय झाली, पण 'डेटा नको' म्हणणाऱ्याला त्या मानानं सूट मिळाली नाही. तरीही जो आज २९९ मारतोय, त्याच्यासाठी हा पॅक निम्म्या खर्चाचा आहे. तो दुकानाच्या बोर्डावर ठळक दिसत नाही, ॲपमध्येही पहिल्या पानावर नसतो. 'फक्त कॉलिंगचा, डेटा नसलेला पॅक द्या' असं तोंडानं मागावं लागतं.

रिचार्ज दिवसावर मोजा

बाजारात माल घेताना किलोचा भाव विचारतो, तसा रिचार्जचा दिवसाचा भाव काढावा. रक्कम भागिले दिवस, एवढंच गणित आहे. २८ दिवसांचा रिचार्ज महिन्याचा वाटतो, पण वर्षात महिने १२ आणि असे रिचार्ज १३ पडतात. तेरावा रिचार्ज कोणाच्या हिशोबात नसतो.

आता आकडे बघा.

जिओचा २९९ चा, २८ दिवस, रोज दीड जीबी : दिवसाला साधारण १० रुपये ६८ पैसे. वर्षाला ३,८८७ रुपये.

एअरटेल किंवा व्हीआयचा १९९ चा, २८ दिवस, सगळा मिळून २ जीबी : दिवसाला ७ रुपये ११ पैसे. वर्षाला २,५८७ रुपये.

जिओचा १८९ चा, २८ दिवस, सगळा मिळून २ जीबी : दिवसाला ६ रुपये ७५ पैसे. वर्षाला २,४५७ रुपये.

जिओचा ४४८ चा, ८४ दिवस, डेटा नाही : दिवसाला ५ रुपये ३३ पैसे. वर्षाचे धरले तर साधारण १,९४७ रुपये.

एअरटेलचा ४६९ चा, ८४ दिवस, डेटा नाही : दिवसाला ५ रुपये ५८ पैसे. वर्षाचे साधारण २,०३८ रुपये.

बीएसएनएलचा ४३९ चा, ९० दिवस, डेटा नाही : दिवसाला ४ रुपये ८८ पैसे. वर्षाचे साधारण १,७८० रुपये.

बीएसएनएलचा ११९८ चा, ३६५ दिवस, दर महिन्याला ३०० मिनिटं, ३ जीबी आणि ३० एसएमएस : दिवसाला ३ रुपये २८ पैसे.

हे २०२४-२५ मध्ये जाहीर झालेले दर आहेत. कंपन्या दर आणि मुदत मध्येच बदलतात. बीएसएनएलच्या १०७ रुपयांच्या पॅकला आधी ३५ दिवस मिळायचे. २०२५ मध्ये किंमत तीच ठेवून दिवस कमी केले. म्हणून पैसे देण्याआधी दोन गोष्टी दुकानदाराच्या मोबाइलवर स्वतः बघाव्यात : किती रुपये आणि किती दिवस.

कोणाला कोणता बसतो?

पहिला माणूस : फक्त बोलणारा. घरातले म्हातारे आई-वडील, रानात राखणीला असलेला माणूस, बटनाचा फोन वापरणारे सगळे. यांना डेटाचा एक रुपयाही द्यायची गरज नाही. ८४ किंवा ९० दिवसांचा फक्त कॉलचा पॅक घ्यावा. बोलणं थोडं असेल, दिवसाला दहा मिनिटांच्या आत, आणि वस्तीवर बीएसएनएलची रेंज चांगली असेल तर ११९८ चा वर्षाचा पॅक सगळ्यात स्वस्त पडतो. फोन येण्यावर त्यात मिनिटांची मोजदाद नाही, ३०० मिनिटं आपण लावलेल्या फोनची. एक गोष्ट लक्षात ठेवा : जिओचं टूजी नेटवर्क नाही. जुन्या टूजी बटनाच्या फोनमध्ये जिओचं सिम चालणार नाही. त्यासाठी जिओभारतसारखा फोरजी बटनाचा फोन लागतो. त्या फोनचा प्लॅन १२३ रुपयांचा आहे, २८ दिवस, बोलणं अमर्याद आणि १४ जीबी डेटा. दिवसाला ४ रुपये ३९ पैसे पडतात. पण तो प्लॅन त्याच फोनवर चालतो, सिम काढून स्मार्टफोनमध्ये टाकून चालत नाही.

दुसरा माणूस : बोलणं आणि थोडं व्हॉट्सॲप. घरातल्या बाया, दुकानदार, ज्यांना अधूनमधून फोनपे करायचं असतं, बाजारभाव बघायचा असतो, ई-पीक पाहणी करायची असते. यांना २८ दिवसांचा २ जीबीचा प्लॅन पुरतो का? लिहिलेल्या मेसेजला आणि पैसे पाठवायला डेटा फारच थोडा लागतो. डेटा खातात ते व्हिडिओ. यूट्यूब साध्या दर्जावर तासभर बघितलं तरी तीनशे ते पाचशे एमबी सहज जातात. म्हणजे चार-सहा तासांत महिन्याचा डेटा खलास.

म्हणून आधी आपला वापर बघा. फोनच्या सेटिंगमध्ये 'डेटा वापर' असतो, तिथं मागच्या महिन्यात किती जीबी गेला ते दिसतं. दोन जीबीच्या आत असेल तर २९९ बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. गावातल्या ग्रुपवर सकाळी येणारे शंभर गुड मॉर्निंग तिथंच थांबतील. प्ले स्टोअरचं आपोआप अपडेट फक्त वायफायवर ठेवा. एवढं केलं तरी बऱ्याच जणांचा महिना २ जीबीत निघतो.

पण महिन्यात पाच-सहा वेळा डेटा संपला म्हणून १९ रुपयांचा एक दिवसाचा १ जीबी मारत असाल, तर १८९ चा प्लॅन २९९ च्या घरात गेलाच म्हणून समजा. त्यापेक्षा सरळ रोजच्या डेटाचा घ्यावा.

तिसरा माणूस : दुसरं सिम ठेवणारा. एका सिमवर डेटा, दुसरं नुसतं आधार-बँकेसाठी. वर्षाला दोन हजार रुपये नुसत्या ओटीपीसाठी भरण्यापेक्षा आधार आणि बँक दोन्ही पहिल्या नंबरवर आणून दुसरं सिम सोडून देणं परवडतं. एकदाचा हेलपाटा आहे, पण दरवर्षीचा खर्च वाचतो. सोडायचंच नसेल तर कमीत कमी खर्चाचा लांब मुदतीचा पॅक टाकावा.

चौथा : अख्खं घर. एका फोनवर रोजचा डेटा असेल तर बाकीच्यांना घरी असताना हॉटस्पॉट मिळतो. पोराचा दीड जीबी रोज रात्री उरतो आणि बारा वाजता वाया जातो. तोच आईनं व्हॉट्सॲपला वापरला तर काय बिघडलं?

चार फोनच्या घराचा हिशोब करून बघू. चारही फोनवर २९९ मारला तर वर्षाला १५,५४८ रुपये होतात. आता एकावर २९९ ठेवा, एकावर १८९, एकावर जिओचा फक्त कॉलचा आणि एकावर बीएसएनएलचा ४३९ चा. बेरीज येते साधारण १०,०७१. वाचले ५,४७७ रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका क्विंटलचे पैसे कोणालाही न लागणाऱ्या डेटात चाललेत. आणि हमीभाव पदरात किती जणांच्या पडतो, ते वेगळं सांगायला नको.

गरिबालाच महाग का पडतं?

वरचे आकडे पुन्हा बघितले की एक गोष्ट ध्यानात येते. ज्याच्याकडे एकदम १८४९ रुपये भरायची ताकद आहे त्याला दिवस पाच रुपयांना पडतो. ज्याच्याकडे दोनशेच आहेत त्याला तोच दिवस सात रुपयांना. वापर दोघांचा सारखा. निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळणाऱ्या बाईनं वर्षाचा रिचार्ज करायचा तर महिन्याच्या पगारात ३४९ रुपये दुसरीकडून घालावे लागतील. ती २८ दिवसांचाच घेणार.

आणि २८ किंवा ३० दिवसांचा, फक्त कॉलचा, शंभर-सव्वाशेचा पॅक तिन्ही खासगी कंपन्यांनी आणलाच नाही. त्यांनी आणले ते ८४ दिवसांपासून पुढचे. ट्रायचा नियम 'किमान एक पॅक द्या' म्हणतो. तो किती दिवसांचा, किती रुपयांचा, हे सांगत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला होणारा रिचार्ज ठेवायला लावलं होतं. तसंच फक्त कॉलच्या पॅकलाही लावता आलं असतं. ज्याच्यासाठी नियम केला, त्याच्या खिशाला झेपेल असा पॅक त्यातून आला नाही. ही मागणी ग्रामसभेत, लोकप्रतिनिधींकडे, ग्राहक संघटनांकडे मांडण्यासारखी आहे.

तोवर एक उपाय आहे : पैसे येतात तेव्हा रिचार्ज उरकून घ्यायचा. कापूस-सोयाबीन विकलं की आई-वडिलांच्या फोनवर लांब मुदतीचा पॅक टाकून मोकळं व्हायचं. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यानं उचल हातात असतानाच ८४ दिवसांचे दोन पॅक धरले तर १६८ दिवस, म्हणजे साडेपाच महिने निघतात. हंगाम जवळजवळ पार पडतो. गावाकडं ठेवलेल्या लेकरांच्या आजीच्या फोनवरही तसंच करावं. फडावर असताना घरचा फोन बंद लागला की जीव टांगणीला लागतो, त्याची किंमत रुपयात होत नाही. कर्नाटकात गेलं तरी त्याच प्लॅनवर फोन चालतो, रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत.

आधी रेंज, मग भाव

स्वस्त म्हणून सिम घेतलं आणि वस्तीवर रेंजच नाही, तर सगळं पाण्यात. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झाल्याची घोषणा झाली. बऱ्याच टॉवरवर काम झालंय, पण आपल्या वाडीचं काय ते आपणच बघायचं. शेजाऱ्याकडं त्या कंपनीचं सिम असेल तर त्याच्या फोनवरून घरात, रानात, विहिरीजवळ फोन लावून बघा. डोंगरपट्ट्यात एका वस्तीवर येणारी रेंज पुढच्या वस्तीवर येत नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर नकाशे आहेत, पण घरात भिंतीआड काय मिळतं ते नकाशात दिसत नाही. आधी एक छोटा रिचार्ज मारून महिना काढावा, पटलं तरच वर्षाचा घ्यावा.

कंपनी बदलायची तर नंबर तोच राहतो. 'पोर्ट' लिहून जागा सोडून आपला नंबर टाकायचा आणि १९०० ला एसएमएस करायचा (पोर्ट हा शब्द इंग्रजी अक्षरांत). एक कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन आधारसह नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. जुन्या सिमचा बॅलन्स आणि उरलेले दिवस मात्र बुडतात. म्हणून पॅक संपत आला की मगच पोर्ट करावं.

दुकानात गेल्यावर हे विचारा

एक, हा किती दिवसांचा?
दोन, डेटा रोजचा आहे की सगळा मिळून?
तीन, याच कंपनीचा फक्त कॉलचा पॅक कितीला आहे?
चार, त्या पॅकवर एखाद्या दिवशी गरज पडली तर वरून डेटा मारता येतो का?
पाच, आत्ताच्या पॅकचे दिवस उरलेत, ते नव्याला जोडले जातील की जातील वाया?

स्मार्टफोनमध्ये डेटा नसलेला पॅक टाकला तर मोबाइल डेटाचं बटन बंद ठेवा. ते जमत नसेल तर १९२५ या नंबरवरून डेटा बंद-चालू करता येतो. न मागता कॉलरट्यून वगैरे सुरू होऊन पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर बंद करता येतं. रिचार्जची तक्रार असेल तर आपल्या कंपनीच्या १९८ वर करायची आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा.

शेवटी एक सावधगिरी. 'तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, ट्रायमधून बोलतोय' असा फोन आला तर सरळ कट करा. ट्राय कोणाला असे फोन करत नाही. 'तीन महिन्यांचा रिचार्ज फुकट' अशी व्हॉट्सॲपवर आलेली लिंकही उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

पुढच्या वेळी ती बाई 'मुदत संपत आली आहे' म्हणाली की थेट दुकानात जायच्या आधी पाच मिनिटं काढा. घरातले सगळे फोन एका जागी ठेवा, कोणाचा किती वापर आहे ते बघा आणि कागदावर दिवसाचा भाव मांडा. दुकानदार २९९ म्हणेलच. आपण काय म्हणायचं, ते घरून ठरवून जावं.